इसबगोलाचा भुसा: सुटा, डब्यातला आणि संत्र्याच्या चवीचा

गेल्या सहा महिन्यांत इसबगोलाचा भुसा मी तीन रूपांत विकत घेऊन वापरला. पहिला काष्ठौषधींच्या दुकानातून कागदाच्या पुडीत बांधून मिळालेला सुटा, दुसरा औषधांच्या दुकानातला १०० ग्रॅमचा बंद डबा आणि तिसरा संत्र्याच्या चवीच्या छोट्या पुड्यांतला. तिन्हींमागचे कारण एकच, ते म्हणजे गेली नऊ वर्षे माझ्यासोबत राहणारे आयबीएस, अर्थात इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे चिडक्या आतड्याचा विकार. ज्यांना प्रवासात किंवा लग्नसराईत तेवढे बद्धकोष्ठ होते, त्यांना इसबगोल कसे घ्यावे हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आधीच ठाऊक असते. माझा अभिप्राय आयबीएस असणाऱ्यांसाठी आहे, कारण ‘आहारात फायबर वाढवा’ हा सल्ला आमच्या वाट्याला सगळ्यांत जास्त वेळा येतो आणि जवळजवळ दर वेळी अर्धवट येतो.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. तास चालू असताना पन्नास मुलांचा वर्ग सोडून जाता येत नाही, आणि सकाळी पोट साफ झाले नाही तर दुसऱ्या तासाला कळ येणार याची धास्तीच ती कळ घेऊन येते. माझा प्रकार मिश्र आहे, म्हणजे चार दिवस कुंथावे लागते आणि पाचव्या दिवशी तीनदा धावावे लागते. दुखणे, फुगणे आणि शौचाला गेल्यावर थोडा वेळ मिळणारा आराम हे मात्र दोन्ही प्रकारच्या दिवसांत सारखेच असतात. पोटविकारतज्ज्ञांनी रक्त, शौच आणि सोनोग्राफी तपासून, गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या सिलिअॅक या आजाराचीही चाचणी करून मगच आयबीएसचे नाव घेतले. हे निदान हवेतले नसते. २०१६ साली ठरलेल्या ‘रोम-४’ निकषांनुसार गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोट दुखलेले असावे लागते, आणि त्या दुखण्याचा शौचाशी, शौचाच्या वेळा बदलण्याशी किंवा मळाच्या स्वरूपातील बदलाशी, या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टींशी, संबंध असावा लागतो. तक्रारीची सुरुवातही निदानाच्या किमान सहा महिने आधीची असावी लागते. शौचातून रक्त जाणे, कारण नसताना वजन उतरणे, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पंडुरोग (अॅनिमिया) किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास यांपैकी काही असेल, तर इसबगोलाचा डबा खाली ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे.

इसबगोलाकडे मी उशिरा वळले, कारण त्याआधी मी कोंड्याच्या मागे लागले होते. ओळखीतल्या एका आहारसल्लागारांनी मला रोज दोन मोठे चमचे गव्हाचा कोंडा कणकेत मिसळायला सांगितला होता. पेठेतल्या गिरणीवाल्याकडे तो मागितला तेव्हा तो म्हणाला, “बाई, हा तर म्हशीचा खुराक. तुम्ही काय करणार?” मी त्याला आतड्याच्या आरोग्यावर एक छोटे व्याख्यान दिले आणि पिशवीभर कोंडा घेऊन आले. पुढच्या तीन आठवड्यांत माझे पोट इतके फुगू लागले की दुपारनंतर साडीची निरी सैल करावी लागे. कळा वाढल्या आणि धावण्याचे दिवस आठवड्यातून एकाचे तीन झाले. सल्लागारांचे म्हणणे असे की शरीराला सवय होईपर्यंत हे चालायचेच. मी पाचव्या आठवड्यात थांबले आणि उरलेला कोंडा गिरणीवाल्याकडे परत पोचवला. तो काही बोलला नाही, एवढे त्याचे मोठेपण.

कोंड्याची ही कीर्ती कुठून आली, हे नंतर वाचताना कळले. डेनिस बर्किट या आयरिश शल्यविशारदाने आफ्रिकेत अनेक वर्षे काम केले होते. तिथल्या खेडुतांच्या चोथायुक्त आहाराची तुलना त्याने पाश्चात्त्यांच्या मैद्याच्या पावाशी केली आणि १९७० च्या दशकात तंतुमय आहाराचा मोठा पुरस्कार केला. त्यातले बरेचसे आजही टिकून आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्येही प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ सुचवले आहेत. चूक एवढीच झाली की जे सर्वसामान्य आतड्याला मानवते ते चिडलेल्या आतड्यालाही मानवेलच, असे गृहीत धरले गेले. १९९४ मध्ये मँचेस्टरच्या फ्रान्सिस आणि व्होरवेल या डॉक्टरांनी आपल्या आयबीएसच्या रुग्णांना कोंड्याविषयी विचारले, तेव्हा ५५ टक्के रुग्णांनी कोंड्याने त्रास वाढल्याचे सांगितले, आणि बरे वाटल्याचे सांगणारे जेमतेम १० टक्के निघाले. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांत आयबीएसच्या रुग्णांना कोंड्यासारख्या न विरघळणाऱ्या तंतूंपासून परावृत्त करावे, आणि तंतू वाढवायचेच असतील तर इसबगोल किंवा ओट्ससारखे विरघळणारे निवडावेत, असे स्पष्ट म्हटले आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीची २०२१ ची शिफारसही तशीच आहे. माझ्या सल्लागारांच्या भिंतीवर प्रमाणपत्रे बरीच होती, त्यामुळे यातले काही त्यांच्या वाचनात कसे आले नसेल, याचे मला अजूनही नवल वाटते.

आता मूळ पदार्थाकडे. इसबगोल हे ‘प्लांटॅगो ओव्हाटा’ या बुटक्या रोपाचे बी. नाव फारसीतून आले आहे. ‘अस्प’ म्हणजे घोडा आणि ‘गोल’ म्हणजे कान. बी होडीसारखे वळलेले असते आणि त्यात घोड्याच्या कानाचा आकार दिसतो म्हणून हे नाव. पीक रब्बीचे, मुख्यतः गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशाच्या कोरड्या पट्ट्यातले. काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस आला की दाणे झडून जातात. मेहसाणा जिल्ह्यातील उंझा ही त्याची मोठी बाजारपेठ. जगाला लागणारे बहुतेक इसबगोल भारतातून जाते, आणि परदेशातल्या दुकानात ‘सायलियम’ म्हणून जे महागडे डबे दिसतात त्यातला माल बहुधा आपल्याकडचाच असतो. आपण खातो तो बियांवरचा पांढुरका पापुद्रा, जो वजनाने बियांच्या साधारण चौथा हिस्सा भरतो.

या पापुद्र्याची खुबी अशी की तो पाण्यात फुगून घट्टसर बुळबुळीत होतो आणि मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना फारसा आंबवता येत नाही. सहज आंबणाऱ्या तंतूंपासून वायू होतो. हा जवळजवळ तसाच शेवटपर्यंत पोचतो. मळ कोरडा पडत असेल तर धरलेले पाणी हा सोडत नाही, त्यामुळे मळ मऊ राहतो. मळ पातळ होत असेल तर सुटे पाणी हाच शोषून घेतो आणि त्याला बांधून आणतो. आपल्याकडे बद्धकोष्ठाला इसबगोल कोमट दुधातून आणि जुलाबाला दह्यातून देतात, याला मी लहानपणी मोठ्यांचा गोंधळ समजत असे. दोन्ही ठिकाणी काम एकाच भुशाचे असते, हे आता पटले. गव्हाच्या कोंड्याचे याच्या उलट असते. त्याचे खरखरीत कण आतड्याच्या अस्तराला घासतात, त्यामुळे पाणी आणि चिकट स्राव सुटतो आणि मळ पुढे ढकलला जातो. निरोगी माणसाला हा उपयोगच होतो, पण ज्याच्या आतड्याला साध्या ताणाचीही कळ जाणवते त्याला ही घासाघीस कशी वाटत असेल, हे वेगळे सांगायला नको.

तीन मालांची तुलना मी शाळेच्या प्रयोगशाळेत केली. औषधी मानकांनुसार एक ग्रॅम भुशाने पाण्यात फुगून किमान ४० मिलिलिटर जागा व्यापायला हवी. मी १०० मिलिलिटरच्या मोजपात्रात एक-एक ग्रॅम घालून पाणी भरले, अधूनमधून हलवले आणि दुसऱ्या दिवशी पाहिले. माझी पद्धत काही औषधनिर्माणशास्त्राच्या प्रयोगशाळेतली नव्हती, पण तिन्ही नमुन्यांना वागणूक सारखी मिळाली. डब्यातला भुसा ४६ च्या रेषेपर्यंत ढगासारखा एकसंध वर आला होता. सुटा ३३ वर थांबला; त्याच्या तळाशी लालसर बियांचे तुकडे आणि चिमूटभर बारीक वाळू बसली होती, आणि वरचे पाणी किंचित पिवळे पडले होते. नववीच्या एका मुलीने भिंगातून पाहून “बाई, हे तर चाळणीतून राहिलेलं दिसतंय” असा निष्कर्ष काढला, आणि तो बरोबर होता. भुशाच्या व्यापारात शुद्धतेनुसार ८५, ९५, ९८, ९९ टक्के अशा प्रती ठरलेल्या असतात. सुटा घेताना यातली कोणती प्रत आपल्या पुडीत आली, हे दुकानदारालाही सांगता येत नाही. माझ्या दुकानदाराने “एक नंबर माल आहे” असे सांगितले होते, आणि बदामापासून हिंगापर्यंत सगळ्याच मालाविषयी तो तसे सांगतो.

संत्र्याच्या चवीच्या पुडीचे वजन मोठे, पण भुसा लहान. मागच्या बारीक अक्षरांत वाचले तर सहा ग्रॅमच्या पुडीत भुसा साडेतीन ग्रॅमच होता. बाकी आम्ल, रंग, सुगंध आणि गोडी. चवीने ती पुडी निःसंशय उत्तम आहे. भुसा बारीक दळलेला असल्यामुळे पेल्यात गुठळ्या होत नाहीत आणि साध्या भुशाला जी ओल्या पुठ्ठ्यासारखी चव असते ती इथे लागत नाही. परंतु साडेतीन ग्रॅमसाठी मी डब्याच्या तिपटीहून जास्त पैसे मोजत होते. शिवाय असल्या तयार मिश्रणांत आयबीएसवाल्यांनी दोन नावे आवर्जून शोधावीत. साखरेऐवजी सॉर्बिटॉल किंवा मॅनिटॉल घातले असेल, तर त्याचाच वायू होऊन पोट फुगू शकते. दुसरे नाव सोनामुखीचे. ‘इसबगोलयुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही दाण्यांत आणि चूर्णांत सोनामुखी मिसळलेली असते. तिचा गुण आतड्याला चाबूक मारण्याचा असतो, भुशासारखा पाणी धरण्याचा नसतो. आणि सकाळी जे ‘एकदम साफ’ होते त्याचे श्रेय मग भलत्यालाच मिळते. माझ्या एका सहकारी शिक्षिकेने असे चूर्ण दोन वर्षे इसबगोल समजून घेतले होते.

मात्रेच्या बाबतीत बहुतेकांची गल्लत होते, माझीही झाली. आपण ‘एक चमचा’ म्हणतो तो कोणता? स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजले तेव्हा माझ्या चहाच्या चमच्यात सपाट भरून दोन ग्रॅमपेक्षा थोडा कमीच भुसा बसला, आणि पोह्यांच्या चमच्यात शीग लावून चार ग्रॅम. नेदरलँड्समधील उट्रेख्तच्या संशोधकांनी २००९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जी चाचणी प्रसिद्ध केली, तिच्यात मात्रा दिवसाला १० ग्रॅम होती. आयबीएसच्या २७५ रुग्णांचे तीन गट करून एकाला इसबगोल, दुसऱ्याला कोंडा आणि तिसऱ्याला निव्वळ तांदळाचे पीठ असे बारा आठवडे दिले होते. पहिल्या महिन्यात पुरेसा आराम पडल्याचे सांगणारे इसबगोलाच्या गटात ५७ टक्के आणि तांदळाच्या पिठाच्या गटात ३५ टक्के होते. दुसऱ्या महिन्यात ५९ आणि ४१. तीन महिन्यांनी त्रासाच्या तीव्रतेचे गुण इसबगोलाने ९० ने उतरले, कोंड्याने ५८ ने आणि पिठाने ४९ ने. कोंड्याच्या गटातले लोक सुरुवातीलाच सर्वाधिक संख्येने चाचणी सोडून गेले, आणि त्याचे मुख्य कारण त्रास वाढणे हेच होते. मला हे आकडे वाचून एकाच वेळी धीर आला आणि जमिनीवरही आणले गेले. एक तर साध्या पिठानेही तिसऱ्या हिश्शाहून अधिक लोकांना बरे वाटते, तेव्हा ‘मला गुण आला’ हा माझा स्वतःचा दाखला फार मोठा नाही. दुसरे म्हणजे जगण्याच्या गुणवत्तेच्या मोजणीत त्या चाचणीत तिन्ही गटांत फरक दिसला नव्हता.

तेव्हा १० ग्रॅम म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे झाले, आणि ती मात्रा पहिल्या दिवशी घ्यायची नसते. मी जवळपास तेवढी घेतली. रात्री पोह्यांचे दोन शिगोशीग चमचे, तेही अर्ध्या पेल्यात. दुसऱ्या दिवशी पोटात कोणी ओली उशी कोंबली आहे असे वाटत राहिले. डॉक्टरांनी मग क्रम लावून दिला. पहिला आठवडा चहाचा एक चमचा सकाळी, दुसऱ्या आठवड्यात तोच सकाळ-संध्याकाळ, आणि पुढे दर आठवड्याला एक चमचा वाढवत जिथे बरे वाटेल तिथे थांबायचे. मी दिवसाला चार चमच्यांवर, म्हणजे साधारण साडेसात ग्रॅमवर, थांबले आहे. पाचव्याला फुगणे परत येते. सहाव्या आठवड्याच्या आधी मला काही फरक जाणवला नव्हता. मळाच्या स्वरूपाचे एक ते सात असे प्रकार दाखवणारा ब्रिस्टल तक्ता मी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला होता आणि रोज आकडा लिहीत होते. सुरुवातीच्या पानांवर एक, एक, सहा, दोन, सहा अशी उडी दिसते. तिसऱ्या महिन्यात तीन आणि चार हेच आकडे जास्त दिसू लागले. दुखणे गेले नाही. निम्मे झाले असे म्हणता येईल.

सासूबाईंचा आग्रह दुधाचा होता. “अगं, पाण्यातून काय घेतेस, कोमट दुधातून घे, वंगण मिळतं,” असे त्या रोज रात्री म्हणत आणि मीही पंधरा दिवस तसे घेतले. त्या पंधरवड्याचे वहीतले आकडे पाच आणि सहा आहेत आणि समासात ‘गुरगुर’ हा शब्द नऊ वेळा लिहिलेला आहे. मी इसबगोल सोडायच्या बेतात होते. डॉक्टरांनी आधी दूध सोडायला सांगितले आणि चार दिवसांत गुरगुर बसली. दुधातली लॅक्टोज ही साखर मला नीट पचत नाही आणि दोष भुशाच्या माथी जात होता. सासूबाईंना मी “अहो आई, तुमचा इसबगोल बरोबर, माझं दूधच चुकीचं” असे सांगितले, तेव्हा त्यांनी ते अर्धेच मान्य केले. दही किंवा ताज्या ताकातून मात्र मला तो चालतो. दह्यात लॅक्टोज दुधापेक्षा कमी असते.

पाण्याविषयी मात्र कोणीही सवलत घेऊ नये. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने अशा भुशाच्या डब्यांवर किमान आठ औंस, म्हणजे साधारण पाव लिटर, द्रवाबरोबर घ्या, नाहीतर तो घशात अडकून गुदमरण्याचा धोका आहे, असा इशारा छापणे बंधनकारक केले आहे. हे मला वाचून कळले नाही, एसटीत कळले. प्रशिक्षणाला जाताना गाडीतच चमचाभर कोरडा भुसा तोंडात टाकून बाटलीतले दोन घोट प्यायले. तो छातीच्या मध्यावर कुठेतरी बसला आणि पुढची दहा मिनिटे मी खिडकीची दांडी धरून बसले होते. शेजारच्या आजींनी पाठीवर थापट्या मारल्या आणि “सावकाश बाळा” म्हणत आपली बाटली पुढे केली. आता मी पेला भरून घेतल्याशिवाय डब्याचे झाकण उघडत नाही. भुसा पाण्यात टाकून ढवळून लगेच प्यायचा, वरून आणखी एक पेला पाणी प्यायचे, आणि अंथरुणावर आडवे होण्याच्या तोंडावर घ्यायचा नाही. गिळायला त्रास होणाऱ्यांनी, आतडे अरुंद असल्याचे किंवा अडथळ्याचे निदान असणाऱ्यांनी तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. इतर औषधांत आणि त्यात किमान दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण गोळी त्या बुळबुळीत गोळ्यात अडकून तिचे शोषण कमी होऊ शकते. माझी थायरॉइडची गोळी पहाटे साडेपाचला असते, म्हणून सकाळचा भुसा मी शाळेतल्या मधल्या सुट्टीत नेला आहे. डब्यातून पीठ उडत असेल तर नाक दूर ठेवावे. भुशाची धूळ सतत श्वासातून गेल्यामुळे काहींना त्याची अॅलर्जी झाल्याची उदाहरणे आहेत.

सात-आठ ग्रॅम भुसा म्हणजे दिवसाचे सगळे तंतू नव्हेत, बाकीचे ताटातूनच यायचे. इथेही एक समज दुरुस्त करावासा वाटतो. भाकरी खाल्ली की पोट हलके राहते आणि पोळीने जड होते, हे आयबीएसची बरीच मंडळी सांगतात आणि त्याचे श्रेय ज्वारीतल्या फायबरला देतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत १०.२२ ग्रॅम, बाजरीत ११.४९ ग्रॅम, नाचणीत ११.१८ ग्रॅम आणि गव्हाच्या कणकेत ११.३६ ग्रॅम तंतू दिले आहेत. म्हणजे ज्वारी कणकेच्या किंचित खालीच आहे, आणि चारही धान्यांतले बहुतेक तंतू न विरघळणारेच आहेत. फरक दुसऱ्या एका घटकाचा असावा. गव्हात फ्रुक्टान नावाचे छोटे कर्बोदक असते. ते लहान आतड्यात पचत नाही आणि पुढे जाऊन भराभर आंबते. कांदा-लसणातही तेच असते. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने अशा सहज आंबणाऱ्या कर्बोदकांना ‘फॉडमॅप’ हे नाव देऊन त्यांचे प्रमाण काही आठवडे कमी करण्याचा आणि मग एकेक पदार्थ परत आणून पाहण्याचा आहार तयार केला. त्यातला ‘परत आणून पाहण्याचा’ भाग आपल्याकडे कोणी सांगतच नाही, आणि माणसे वर्षानुवर्षे डाळी, कांदा आणि गहू सोडून बसतात, म्हणजे होते ते तंतूही गमावतात.

माझ्यापुरते सांगायचे तर दुपारी एक ज्वारीची भाकरी, भेंडी किंवा गाजराची भाजी, मुगाच्या डाळीचे पातळ वरण आणि संध्याकाळी पपई एवढे मला निभते. मटकीची उसळ मी सोडली नाही. रात्रभर भिजवलेले पाणी फेकून, मोड आणून, पुन्हा स्वच्छ पाण्यात शिजवते आणि एक वाटीच खाते, कारण त्रास देणारी कर्बोदके काही अंशी त्या पाण्यात उतरतात. गवारीची मात्र माझ्याशी कायमची अढी आहे.

‘हाय फायबर’ लिहिलेल्या बिस्किटांचा एक पुडाही या काळात घरात आला होता. त्यात मैदा पहिल्या क्रमांकावर आणि तंतूंसाठी चिकोरीच्या मुळाचे इन्युलिन घातलेले होते. इन्युलिन हेही विरघळणारेच आहे, पण ते झपाट्याने आंबते आणि फ्रुक्टानांच्याच घराण्यातले आहे. म्हणून ‘विरघळणारे तेवढे चांगले’ एवढ्यावर थांबून चालत नाही. नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी आयबीएसच्या रुग्णांना इन्युलिन देऊन एमआरआयने मोठ्या आतड्यातला वायू मोजला होता. तो अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. इन्युलिनबरोबर इसबगोल दिले तेव्हा तो वायू बराच कमी भरला. यावरून बिस्किटे खाऊन वर भुसा घ्यावा असा अर्थ माझ्या पतीने काढला. मी पुडा शिक्षक-खोलीत ठेवून आले आणि मधल्या सुट्टीत तो संपला.

खर्चाचे म्हणाल, तर १०० ग्रॅमचा डबा मला दीडशे रुपयांच्या आसपास पडतो आणि माझ्या मात्रेने जेमतेम तेरा दिवस पुरतो. महिन्याला साडेतीनशे धरावेत. सुटा भुसा निम्म्या भावात मिळाला होता, पण वाळूसकट. डब्याचे वेष्टण हा त्याचा सर्वांत कच्चा भाग आहे. आतली पिशवी एकदा फाडली की परत बंद करायची सोय नाही, आणि पावसाळ्यात आठवड्याभरात भुशाची ढेकळे होतात. मी तो आल्याआल्या काचेच्या कोरड्या बरणीत ओतते आणि चमचा बाहेर ठेवते. त्यासोबत मिळणारा प्लास्टिकचा चमचा मोजून पाहिला तर त्यात अडीच ग्रॅम बसले. डब्यावर मात्र ‘एक ते दोन चमचे’ एवढेच छापले आहे, कोणता चमचा ते नाही.

सुटा भुसा पुन्हा घेणार नाही. डबा घेत राहीन. संत्र्याच्या सात पुड्या शिल्लक आहेत, त्या जानेवारीतल्या शाळेच्या सहलीसाठी राखून ठेवल्या आहेत, कारण पन्नास मुलांच्या गाडीत बरणी, चमचा आणि पेला घेऊन ढवळत बसायला जागा नसते. पाण्याची मोठी बाटली मात्र या वेळी माझ्याकडे माझी स्वतःची असेल.